देऱ्यात खसखस मागितली तेव्हा

मला घाबरणं म्हणजे काय ते दुबईला जाईपर्यंत ठाऊकच नव्हतं, असं माझे यजमान म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. सांगलीत मी फराळाच्या ऑर्डरी घ्यायचे. दिवाळीत चार बायका हाताखाली, तूपवाल्याशी भांडण, गॅसवाल्याशी भांडण, आणि माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. त्याच आवाजाने एके दिवशी सकाळी मी माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार धोक्यात घातला. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट आहे, पण आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

धाकटी बहीण तेव्हा दुबईत अल मनखूलला राहायची. दोन खोल्यांचा फ्लॅट, नवरा, आणि ऊद मेथाच्या शाळेत चौथीत जाणारी एक मुलगी, जी माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. मेहुणे खाडीपलीकडच्या देऱ्यात एका ट्रेडिंग कंपनीत होते. मालकाला तिथे अरबाब म्हणतात. मेहुण्यांचा व्हिसा त्या अरबाबच्या हातात, त्यांच्यावर बहिणीचा आणि मुलीचा, आणि माझा महिन्याचा व्हिझिट व्हिसासुद्धा त्यानेच सही करून काढून दिलेला. हे सगळं बहिणीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं आणि बॅग उघडली.

बॅगेत अनारसे होते. बहिणीला सहा वर्षांत घरचा अनारसा मिळाला नव्हता, म्हणून मी साठ तळून नेले होते, शिवाय पिठाचा गोळा वेगळा. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, चांगला पिवळा गूळ, आणि वर भरपूर खसखस. खसखशीत मी हात आखडता घेत नाही, गिऱ्हाईक त्यासाठीच माझ्याकडे येतं. बहीण डबा उघडून रडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने उरलेल्यांतले वीस एका स्टीलच्या डब्यात भरून नवऱ्याच्या हातात दिले. "अरबाबना द्या, ताईच्या व्हिसाचं थँक्यू म्हणून." मेहुणे घाईत होते, डबा काखेत मारून गेले.

मग आम्ही दोघी फिरायला निघालो. जुनी दुबई पायी पाहायची असा माझा हट्ट होता. मॉल कसले बघायचे! मनखूलमधून चालत बर दुबईच्या बाजारात आलो. एका टपरीवर करक घेतला, म्हणजे वेलदोडा घालून उकळ उकळ उकळलेला दाट चहा. त्याच्याबरोबर फलाफल, हरभऱ्याचे कुरकुरीत वडे, पोळीसारख्या मऊ खुबूसमध्ये गुंडाळलेले. पाच दिरहम झाले. बहीण म्हणाली, "म्हणजे साधारण पंचावन्न रुपये." मी म्हटलं, "सांगलीत एवढ्यात घर जेवेल." ती हसली. खाडीवर आब्रा नावाच्या लाकडी होड्या चालतात, त्यातल्या एकीत बसून पलीकडे देऱ्याला उतरलो. तिथवर सगळं छान होतं.

देऱ्याच्या मसाला बाजारात अरुंद गल्ल्या आणि दुकानाबाहेर पोती. दालचिनी, केशर, वाळवलेली काळी लिंबं, गुलाबाच्या कळ्या. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. बहीण एका दुकानात केशराचा भाव करत होती. मला अनारशाच्या पिठाची आठवण झाली. गोळा घरी होता, वर लावायला खसखस आणायची राहिली होती. मी शेजारच्या दुकानात शिरले. पांढऱ्या दाढीचा इराणी दुकानदार, हिंदी चांगलं बोलत होता. मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "भैया, खसखस कैसे दिया?"

त्याचा हात होता तिथेच थांबला. त्याने आधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "बहनजी, धीरे. इधर ये चीज़ नहीं मिलती. अफीम का बीज है. जेल होता है."

एवढ्यावर गप्प बसावं की नाही! पण मी कसली बसते. मला वाटलं, हा मला गावंढळ समजून उल्लू बनवतोय. मी म्हटलं, "कैसा जेल? हम तो इंडिया से लेके आये हैं. घर में है, मिठाई के ऊपर लगाया है."

तो मागे सरकला आणि म्हणाला, "मैंने कुछ नहीं सुना. आप जाओ, प्लीज़." दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तो वळलाच.

मी बाहेर येऊन बहिणीला हसत हसत सांगायला सुरुवात केली, आणि तिचा चेहरा पाहून माझं हसू जागच्या जागी मेलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई," ती म्हणाली, "अगं, मला माहीत होतं गं. इथे खसखस चालत नाही हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. कुणाच्या सामानात मसाल्याची पुडी सापडली तरी आत टाकतात." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "अनारसा बघून माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त अनारसा दिसला."

खरंच आहे ते. आपण अनारसा म्हणतो तेव्हा खसखस वेगळी धरतो कुठे? मीच विमानतळावर लोणच्याची बरणी फुटेल म्हणून जिवाला घोर लावून उभी होते. कस्टमवाल्याने माझ्या पुढच्या माणसाची बॅग उपसली आणि मला हात हलवून जा म्हटलं, तेव्हा लोणचं वाचलं म्हणून देवाचे आभार मानले होते.

मग दोघींना एकदमच आठवलं. डबा. अरबाबच्या ऑफिसात, अरबाबच्या टेबलावर.

बहिणीने सार्वजनिक फोनवरून कार्ड घालून ऑफिसला फोन लावला. तिने कार्ड दोनदा उलटं घातलं, शेवटी मीच आत सारलं. तिकडून टायपिस्ट म्हणाली, तुमचे साहेब धक्क्यावर गेलेत, गलबतात माल चढतोय, यायला एक वाजेल. अरबाब? ते बाराला येतात. तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

"चल," मी म्हटलं, आणि पर्समध्ये रुमाल शोधायला हात घातला तर हाताला कागदाची पुडी लागली. वाटेत भूक लागली तर म्हणून मीच दोन अनारसे घेऊन निघाले होते. म्हणजे जेल माझ्या खांद्याला लटकत होता आणि मी बाजारभर मिरवत होते. मी पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले, तर बहिणीने मनगट धरलं. "टाकू नकोस, कुणी बघेल." समोर रस्त्याच्या तोंडाशी पोलिसांची पांढरी-हिरवी गाडी उभी होती. आत बसलेला पोलीस बिचारा सँडविच खात होता, पण मला वाटलं हा माझ्या पर्सकडेच बघतोय.

शेवटी आम्ही एका आडगल्लीत, बंद शटरला पाठ लावून, एकेक अनारसा खाल्ला. माझ्या हातचा, पण चावत न बसता गिळला. बोटांना चिकटलेला दाणा न् दाणा चाटला. पर्स उलटी करून झटकली, तरी अस्तराच्या शिवणीत दाणे दिसतच होते. ते मी नखाने उकरत राहिले आणि बहीण नुसती "चल ना, चल ना" करत राहिली.

सोन्याच्या बाजारातून आम्ही जवळजवळ धावत गेलो. दोन्ही बाजूंना काचेमागे पिवळे ढीग, बायका थांबून बघत होत्या, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त गणवेश दिसत होते. एका दुकानाचा वॉचमन उठून उभा राहिला तरी मी पर्स छातीशी धरली. बनियास चौकाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा बहीण माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"ताई, ऐक. कुणी विचारलंच, तर सांग की सगळं तू आणलंस. आम्हाला दोघांना काही माहीत नव्हतं. तू व्हिझिटवर आहेस, तुला फार तर परत पाठवतील. त्यांना धरलं तर आमचं खलास होईल गं. घर, पोरीची शाळा, सगळं."

सिग्नल हिरवा झाला. मी "बरं" म्हटलं. आणलं तर मीच होतं, त्यात खोटं काय होतं? पण मला फक्त परत पाठवतील हे तिला कुणी सांगितलं होतं? ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. माझी दोन मुलं सांगलीत होती. त्यांच्या आईचं काय, हा प्रश्न त्या सिग्नलवर माझ्याशिवाय कुणालाच पडला नाही, आणि मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. राग आला तरी पाय थांबले नाहीत.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. पण दार उघडं होतं आणि अरबाब आलेला होता. साठीचा, पांढराशुभ्र पायघोळ झगा, पायात चपला. मेहुण्यांच्या टेबलाशी, पाहुण्याच्या खुर्चीत आरामात बसला होता. समोर माझा डबा उघडा. एका हातात अर्धा अनारसा, मांडीवर झग्यावर खसखस सांडलेली. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

त्याने वर पाहिलं. बहिणीला ओळखलं. माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, "ये किसने बनाया?"

आज शांतपणे विचार केला तर कळतं की तो कौतुकच करत होता. तोंडात घास होता, डोळे हसरे होते. जुन्या देऱ्याचा व्यापारी तो, त्याला मिठाई आवडली होती, एवढंच. मी "मैंने" म्हणायला तोंड उघडलं. पण त्याआधीच बहीण बोलली, आणि एका दमात बोलली.

"साहब, ये मेरी बहन लायी इंडिया से. हमको मालूम नहीं था साहब, इसमें खसखस है. मेरे हसबंड को भी मालूम नहीं. सब इसने लाया." आणि तिने बोट केलं. माझ्याकडे. सख्ख्या बहिणीने, माझ्या छातीकडे बोट केलं.

अरबाबचं चावणं थांबलं. त्याने हातातला अर्धा तुकडा उलटसुलट करून पाहिला, मग मांडीवरचे दाणे. आम्ही येईपर्यंत त्याला कशाचा पत्ता नव्हता. बाहेरच्या खोलीत टायपिस्टचं यंत्र चालू होतं. मला वाटलं, आता हा फोन उचलणार. माझ्या डोळ्यांसमोर धाकट्याचं दप्तर आलं, दुसरं काही नाही.

त्याने घास गिळला. तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं आणि डबा माझ्या बाजूला सरकवला. "घर ले जाओ. जो है, सब खतम करो. दोबारा नहीं. खलास." मग उठून झगा खिडकीबाहेर झटकला आणि बहिणीला म्हणाला, "बेटी, तुम बैठो, पानी पियो." मला बस म्हणाला नाही.

टॅक्सीने घरी आलो. डबा मी ओटीत धरून पदराखाली झाकला होता. घरी आल्यावर मी दाराला आतून कडी घातली, उरलेले सगळे अनारसे आणि पिठाचा गोळा बाथरूममध्ये नेला आणि कुस्करून कुस्करून कमोडमध्ये टाकायला लागले. गूळ बोटांना चिकटत होता. दाणे पाण्यावर तरंगून परत परत वर येत होते. मी साखळी ओढायची, टाकी भरेपर्यंत थांबायचं, परत ओढायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

बहीण दारात येऊन उभी राहिली. रडत होती. मला वाटलं होतं ती माफी मागेल, आणि मी तयारही होते. चांगलं झाडून घेणार होते तिला, मग जवळ घेणार होते. आमच्यात नेहमी तसंच व्हायचं. पण ती म्हणाली, "ताई, अरबाबनी परत विचारलं असतं ना, तरी मी तुझंच नाव घेतलं असतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती नजर चुकवत नव्हती. मी म्हटलं, "हो गं, मला कळलं ते." आणि टाकी भरली होती म्हणून साखळी ओढली.