बेलापूरपर्यंतचे थांबे

माझ्याकडे साधी स्कूटरसुद्धा नाही, पण दर रविवारी दुपारी डझनभर मोटारी माझ्या हुकमाची वाट बघत उभ्या असतात.

त्या कुणाला दिसत नाहीत, एवढंच. मी इंटरनेटवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालवते. खेळणारे लांबलांबचे. एक सोलापूरचा बँकवाला, एक आखातातल्या दवाखान्यातली नर्सताई, असे कितीतरी. प्रत्येकाचा एक संघ, संघाची एक गाडी आणि गाडीला एक ड्रायव्हर, सगळं मनातलं. आठवडाभरात ते मला सूचना धाडतात: पेट्रोल किती भरायचं, टायर बदलायला कुठे थांबायचं, ड्रायव्हरनं सावध चालवायचं की बेफाम. रविवारी मी त्या सूचना कॉम्प्युटरमध्ये घालते, तो कोरडे आकडे देतो आणि त्या आकड्यांवरून मी शर्यतीची हकिगत लिहिते. लोक खेळतात ते या हकिगतीसाठी, असा माझा समज आहे. आईचा समज वेगळा आहे. "बिनपेट्रोलच्या गाड्या आन् बिनपगाराची नोकरी," ती म्हणते.

खरी शर्यत मी कधी पाहिलेली नाही. टीव्हीवर लावली की मला डुलकी लागते. माझ्या शर्यती आमच्याच जिल्ह्यात होतात. एक खर्ड्याच्या किल्ल्याला वळसा घालून, एक कालव्याच्या कडेकडेनं, एक इथे राहात्यात पेरूच्या बागांमधून. दुपारची जेवणं झाली की मी ओट्यावर बसते आणि डोळे अर्धे मिटते. समोर उसाला तुरे आलेले असतात, त्यांच्यावरून ऊन सावकाश सरकत असतं. पिकल्या पेरूचा वास येतो. मग उसामागून एक गाडी येते, अजिबात आवाज न करता. तिच्यामागे दुसरी. त्या कुठे चालल्यात हे मला ठाऊक असतं, तरी मी बघत राहते. अशा वेळी कुणी हाक मारली तर मला खरंच राग येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. आमच्याकडे ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याची गाडी झेंडूच्या माळांनी सजवतात. घरची माणसं त्याच गाडीत बसतात, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर लोक हार-नारळ घेऊन उभे असतात. आप्पांनी असे कितीतरी जणांचे शेवटचे दिवस पाहिले होते. त्यांचा स्वतःचा आला तेव्हा टाळेबंदी होती. गाड्या आगारात धूळ खात उभ्या. आप्पा तिथे गेले, तोंडाला मास्क लावून कागदावर सही केली, साहेबांनी लांबून हात जोडले, आणि आप्पा घरी आले. तेव्हापासून ते ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले. ती पाठ बघून माझा जीव तुटायचा.

म्हणून मी त्यांना एक संघ दिला. ड्रायव्हर निवडायला सांगितला तर त्यांनी यादीतला सगळ्यात म्हातारा उचलला, ज्याला कुणी हात लावत नव्हतं. माझ्या खेळात ड्रायव्हर दर हंगामाला एका वर्षानं मोठा होतो आणि वय झालं की निवृत्त होतो. त्यात कुणाचा वशिला चालत नाही. आप्पांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते सूचना तोंडी सांगायचे. ती कायम एकच असायची: सावध.

"आप्पा, एकदा तरी बेफाम सोडा," मी म्हणायची.

"कशाला? रस्ता कुठं पळून चाललाय?"

खेळाडू त्यांच्या गाडीला लाल डबा म्हणून चिडवायचे. लाल डबा सहावा यायचा, सातवा यायचा, पण पोचायचा. हळूहळू आप्पा रविवारी माझ्या खुर्चीजवळ येऊन बसायला लागले. कुठल्या वळणावर खडी आहे, कुठे बैलगाड्या आडव्या येतात, सगळं विचारून घ्यायचे. मीही ते खरंच असल्यासारखं सांगायची.

गेल्या हंगामात मोठी गंमत झाली. बेफाम चालवणारे एकेक करून झाडांवर नाही तर कालव्याच्या चारीत गेले, आणि शेवटच्या शर्यतीला आप्पांचा म्हातारा दुसऱ्या नंबरावर उभा होता, सोलापूरच्या बँकवाल्याच्या मागोमाग. ही शर्यत जिंकली तर हंगामाचा कप म्हाताऱ्याचा. आणि ती त्याची शेवटचीच शर्यत होती, त्यानंतर कॉम्प्युटर त्याला घरी बसवणार होता. नर्सताईनं लिहिलं, "आप्पांना कप मिळालाच पाहिजे." मलाही तेच हवं होतं. त्या मास्कवाल्या दिवसाचं उट्टं असं निघेल, असं मनात धरूनच मी मुद्दाम आप्पांचा जुना रस्ता घेतला: राहात्याहून बाभळेश्वर, कोल्हार, बेलापूर. लांबचा पल्ला, म्हणून प्रत्येक गावात, फाट्यावर थांबून टायर बदलायची सोय ठेवली. तसं कुणी थांबलं तर एकदाच थांबतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी आप्पांना सूचना विचारल्या.

"सावध," ते म्हणाले. "आन् बाभळेश्वरला थांबायचं. कोल्हारला थांबायचं. बेलापूरच्या अलीकडं तो वस्तीचा फाटा हाय, तिथं बी."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. मी समजावून सांगितलं की टायर एकदाही बदलले नाहीत तरी चालतील, प्रत्येक थांब्याला वेळ जातो, एवढे थांबे घेतले तर कप तर जाईलच, वर शेवटून पहिले याल.

"मला कळतंय की."

"मग कशाला थांबायचं?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलं होतं. "आगं, शेवटची ड्युटी हाय त्याची. लोक उभे असतील."

मी ते थांबे वहीत टिपून घेतले. स्वयंपाकघरातलं आईच्या भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

दुपारी कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा बोट अडलं. ते थांबे गाळले असते तर कुणाला कळलं नसतं, आप्पांनाही नाही. पण खेळाडूची सूचना बदलायची नाही हा माझाच नियम, आणि कप कुणाला हवा होता तर मला. मी सगळे थांबे भरले. बँकवाला जिंकला. लाल डबा शेवटून पहिला आला.

मग मी हकिगत लिहायला घेतली. जिंकणाऱ्याला चार ओळी दिल्या, बाकी सगळी शर्यत म्हाताऱ्याची. बाभळेश्वरला कॉलेजच्या पोरी हार घेऊन उभ्या होत्या. कोल्हारला पुलाच्या अलीकडे पेढे वाटले, कुणीतरी चाकाखाली नारळ फोडला. वस्तीच्या फाट्यावर एकच म्हातारी होती, तिनं काचेला हात लावला आणि हात आपल्या कपाळाला लावला. ऊस दोन्ही बाजूंनी वाकून बघत होता. गाडी इतकी हळू चालली होती की झेंडूची एक पाकळीसुद्धा गळली नाही.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. हात मांडीवर होते, पण मधूनच उजवा हात जरासा वळायचा.

"किती उशीर झाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लई," मी म्हणाले.

"हुं दे. आज कुनी कुरकुर करनार न्हाई."

आई दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. माझ्या खेळाबद्दल आजवर टोमण्याशिवाय तिनं काही विचारलं नव्हतं.

"आन् मी कुठं बसले हुते?" ती म्हणाली.

माझ्याआधी आप्पाच म्हणाले, "माज्या मागं. खिडकी उघडी ठिवली हुती तुज्यासाठी."

मी ते तसंच लिहिलं आणि सगळ्यांना पाठवून दिलं. शर्यतीच्या गाडीला मागची सीट कुठून आली, हे एकाही खेळाडूनं विचारलं नाही.