काजळ उमटेल तिथेच

भावोजींचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी शनिवारची बॅग भरत होते. डबा, थर्मास, ताईच्या पाठीशी ठेवायची उशी. "बेबी, आता गाडी हळू चालवत ये," एवढंच अरुणभावोजी म्हणाले आणि मला कळलं. तरीही मी बॅग पुरी भरली, गाडीत ठेवली आणि नेहमीच्या रस्त्याने नॉटिंगहॅमला निघाले. थर्मासमधला चहा त्या दिवशी भावोजींनी प्यायला. याला आता महिना उलटून गेला.

शैलाताई माझी थोरली बहीण. तिचं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं, मायक्रोस्कोपखाली ठेवायचे पातळ, पारदर्शक काप काढण्यात. रिटायर झाल्यावर मराठी मंडळातल्या बायकांनी तिला भजनाला बोलावलं, योगाला बोलावलं. "भजनाला माझ्याकडे ताल नाही आणि योगाला गुडघे नाहीत," असं त्यांना सांगून तिने लायब्ररीतल्या बोर्डावर वाचलेल्या एका क्लासला नाव घातलं. क्लास ठासणीची बंदूक तयार करण्याचा होता. ठासणीची म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची, जुन्या काळची. मी फोनवर विचारलं, "कुणाला मारायचंय?" "कुणाला नाही गं. दोन-तीन वर्षं लागतात म्हणाले. असं लांबलचक काम मला हवंच होतं." मागून भावोजींचा आवाज आला, "मी नीट वागतोय, बेबी. काळजी करू नकोस."

दुसऱ्या वर्षी तिचा जुना आजार उलटला. ताईला गाडी चालवणं जमेना आणि भावोजींना दिसायचं कमी, म्हणून तिला क्लासला न्यायचे शनिवार मी माझ्याकडे घेतले. रस्ता सांगणारा, नवाच घेतलेला सॅटनॅव्हसुद्धा क्लासच्या त्या गावाबाहेरच्या शेडपाशी पोचता पोचता गप्प व्हायचा. शिकवणारा कीथ कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला मोजका. तिकडच्या पद्धतीप्रमाणे तो सगळ्यांना 'डक' म्हणायचा. "इतकी वर्षं मिसेस म्हणवून घेतलं, आता बदक झाले," असं ताई मला म्हणाली होती, पण तिला ते आवडत होतं. पाच-सहा पुरुष आणि ती. मी सुरुवातीला गाडीत बसून माझ्या रोजच्या यादीतली फोनवरची कामं एकेक टिक करत उरकत असे. मग थंडी वाढली आणि आत गेले. आत गेल्यावर रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून कीथने माझ्या हातात पॉलिशपेपर दिला आणि मीही क्लासची झाले.

तिथलं खरं काम म्हणजे बंदुकीच्या अक्रोडाच्या लाकडी दस्त्यात लोखंडी नळी बसवणं. नळीला काळं फासायचं, दस्त्यातल्या खाचेत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे नळी अडते. तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा काळं, पुन्हा दाबायचं. शेवटी एक दिवस काळं खाचभर सारखं उमटतं, तेव्हा नळी बसली. कीथकडे ट्यूबमधलं काळं होतं. ते ताईला जाड वाटलं. तिने घरी एरंडेलाचा दिवा लावला, वर तांब्याचं ताम्हन पालथं धरलं आणि काजळ पाडून डबीत भरून आणलं. आमची केतकी झाली तेव्हाही तिने असंच काजळ पाडून आणलं होतं. बाळ बघायला घरी येणारी नर्स, हेल्थ व्हिजिटर, ते डोळ्यांत घालू देईना, तर ताईने शांतपणे केतकीच्या तळपायाला तीट लावली आणि त्या नर्सला म्हणाली, "इथे चालेल ना?" कीथने काजळ बोटावर घेऊन चोळलं, नळीला लावून पाहिलं. "दॅटल डू, डक," म्हणाला, म्हणजे चालेल. पुढच्या आठवड्यापासून इतरांची बोटंही डबीत जाऊ लागली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. बंदूक पुरी होणार नाही हे ताईने लगेच मानलं. चाप, घोडा, पॉलिश, सगळं सोडून दिलं. "नळी मात्र माझ्या हाताने बसू दे," एवढंच तिचं मागणं होतं. कायद्यामुळे नळी घरी आणता येत नसे. ती कीथच्या लोखंडी कपाटात कुलपात असायची. म्हणजे काम फक्त शनिवारी, आणि शनिवार किती उरलेत ते कुणालाच माहीत नव्हतं. तिचा हात पाच मिनिटांत थकायचा. मी कीथला बाजूला घेऊन विचारलं, उरलेली खाच मशीनवर होईल का? तो म्हणाला, एका दुपारचं काम आहे, पण तिला विचार. मी विचारलं.

ताईने पटाशी खाली ठेवली. "बेबी, तुझ्या यादीत मी कितवी आहे?"

"पहिली."

"मग टिक करायची घाई करू नकोस. चहा दे आता. आणि ती उशी जरा खाली कर."

त्यानंतर आमचं काम ठरून गेलं. काजळ मी लावायचे, नळी कीथ दाबायचा आणि उचलायचा, खरवडायची ती. कधी अख्ख्या सकाळी नखाएवढं लाकूड निघायचं. मी तेही बघायला शिकले. मार्चमधल्या एका शनिवारी कीथने नळी उचलली आणि दस्ता ताईकडे वळवला. खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती, कुठे लाकूड डोकावत नव्हतं. ताईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, वाकून पाहिलं. "बसली," म्हणाली. गाडीत मी विचारलं, आता पुढच्या शनिवारी काय करायचं? "येऊ की. नुसत्या बसू. तू डबा कर." ते काही झालं नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

नळी कीथच्या कपाटातच आहे. दस्ता त्याने स्वतः आणून भावोजींच्या हातात दिला. तो त्यांच्या खुर्चीमागे भिंतीला टेकवलेला असतो. खाचेतलं काजळ त्यांनी पुसलेलं नाही. बोट फिरवलं की लागतं. भावोजी ते रुमालाला पुसतात आणि पेपर उचलतात.

डबी माझ्याकडे आली. परवा स्वयंपाकघरातला चमच्यांचा ड्रॉवर दमट हवेने फुगून अडकला. माझ्या यादीत 'ड्रॉवर - सुतार' असं लिहूनही झालं होतं. मग डबी काढली, ड्रॉवरच्या कडेला काजळ लावलं, आत ढकलला, ओढला. चौकटीवर उजवीकडे वरच्या बाजूला अंगठ्याएवढा काळा डाग उमटला. तेवढाच खरवडला. पुन्हा काजळ, पुन्हा ढकलला. डाग थोडा खाली सरकला. तोही खरवडला. चहा निवत होता, केतकी दोनदा हाक मारून गेली, पण मी हलले नाही. ड्रॉवर आवाज न करता आत गेला, तेव्हा सुतार यादीतून खोडला आणि डबी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली. निम्मी अजून भरलेली आहे. एका वेळी फार लागत नाही.