परत म्हणजे काय?

जोगेश्वरीतल्या आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचा मी प्रशिक्षक. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि शेवटची चढाई आमची होती. समोर तिघीच उरल्या होत्या. अशा वेळी पकड झाली तर समोरच्यांना दोन गुण मिळतात. आमच्या पोरीने नुसतं सुखरूप मध्यरेषेवर यायचं, की जिंकलो. तिने एकदा पाय टाकला, तो हुकला. मी बाहेरून ओरडलो, "परत! परत!"

ती पुन्हा आत घुसली. तिघींनी तिला आडवी केली. हरलो.

नंतर वडापावच्या गाडीवर कर्णधार तिच्यावर तुटून पडली. "पुढे असताना कोण आत जातं गं? अक्कल गहाण टाकलीस?"

"काका परत म्हणाले, म्हणून परत गेले."

"अगं ए, परत म्हणजे मागे!"

"परत म्हणजे पुन्हा! परत चहा दे म्हटलं की चहावाला कप काढून घेतो काय?"

सगळ्या हसल्या, मग माझ्याकडे बघू लागल्या. मी मान खाली घालून मिरची खात राहिलो. दोष तिलाच चिकटला.

यंदा संघ निवडताना कर्णधार म्हणाली, "ती सातात नको. ऐकतच नाही." ती पोर बुटांच्या नाड्या सोडायला लागली. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "तिने बरोबर ऐकलं होतं. मला पुन्हाच म्हणायचं होतं. आणखी एक गुण हवा होता मला."

कर्णधार उसळली. "वर्षभर मी हिला शिव्या घालतेय, आणि तुम्ही हे आत्ता सांगताय? धन्य हो काका!"

ती मात्र शांतपणे म्हणाली, "मी खेळते. पण रेड चालू असताना तुम्ही तोंड उघडायचं नाही."

कबूल केलं.

अंतिम सामन्यात बरोबरी, आणि शेवटची चढाई तिचीच. बाद होऊन बसलेली कर्णधार लांबून मला ओठांवर बोट ठेवून दटावत होती. मी दात आवळून उभा. समोरच्यांच्या कोपऱ्यातलीने तिच्या घोट्यावर झडप घातली. आमची पोर तिच्या पाठीवरून उडाली आणि मध्यरेषेवर पडली, हात पुढे, तोंडात माती.

जिंकलो! कर्णधार धावत सुटली, तिला खांद्यावर उचललं आणि मैदानभर ओरडत फिरली, "आमची आहे रे ही! आमची!"

मला फक्त टाळ्या वाजवायच्या होत्या. तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या.