उतारा वाचायचा राहिला

बाईंच्या हाती कागद लागला, की शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय तो खाली ठेवला जात नसे. शाळेत लग्नपत्रिका आली तर मी तारीख आणि जेवणाची वेळ बघून ती कपाटावर टाकायचो. बाई मात्र थेट 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत एकूण एक नाव वाचायच्या. "एवढ्या हौसंनं छापल्यात, सर. कुणी तरी वाचाया नको व्हय?" असं वर मलाच विचारायच्या.

गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला एका वाडीत आमची शाळा. शिक्षक दोनच, त्या आणि मी. बाई किकवीहून एसटीने फाट्यापर्यंत यायच्या, मी भोरहून मोटारसायकलवर यायचो. पुढे त्यांना मागे बसवून न्यायचं, हे ठरलेलं. आता त्यांची बदली आंबवड्याच्या बाजूला झाली आहे. फाटा आला की माझा पाय अजून ब्रेकवर जातो.

पहिली-दुसरीचे वर्ग त्यांच्याकडे होते. पोराला वाचता येतं की नाही, हे त्या पोराला विचारून कधीच ठरवत नसत. गोष्टीचं पुस्तक घरी द्यायच्या आणि घरातल्या कुणाला तरी ते वाचून दाखवायला सांगायच्या. दुसऱ्या दिवशी परीक्षा व्हायची ती ऐकणाऱ्याची. भाताच्या खाचराकडे निघालेल्या बायांना बाई कुंपणापाशी गाठायच्या आणि गोष्ट सांगायला लावायच्या. एकदा एका पोरीची आई विळा कमरेला खोचून, डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "पोरीनं झ्याक वाचलं, पर त्या सशाचं म्होरं काय झालं त्ये काय कळलं न्हाई बगा." बाईंनी लगेच पोरीला बोलावलं. तिने शेवटचं पान कंटाळून सोडलं होतं. बाई रागावल्या नाहीत. "तुजी आई रातभर सशाच्या काळजीत ऱ्हायली की गं," एवढंच म्हणाल्या. पोरगी त्या संध्याकाळी शेवटचं पान वाचायला पुस्तक पुन्हा घरी घेऊन गेली. मी पाच वर्षं हे बघत होतो. त्यांच्या हाताखालून दुसरीतून बाहेर पडलेलं आणि वाचता न येणारं एकही मूल मला दिसलं नाही.

अशा बाईंना पन्नाशीला आल्यावर शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची वेळ आली. नोकरीत असलेल्यांनीही ठरलेल्या मुदतीत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं, असा नियम झाला. तालुक्यातल्या निम्म्या शिक्षकांनी आरडाओरडा केला, उरलेल्यांनी मोर्चा काढला. बाईंनी पुस्तकं आणली. "पोरांची परीक्षा घेताना आपून कवा इचारतो का त्यांची मर्जी?" म्हणाल्या. पण रजिस्टरवर सही करताना त्यांनी मुदतीची तारीख मला दोनदा विचारली. शाळा सुटली तर बाईंचं काय उरेल, याचा विचारही मला करवत नव्हता.

मी दोन वर्षांपूर्वीच पास झालेला, तेही पुण्यात क्लास लावून. त्यामुळे गुरुपद आपसूक माझ्याकडे आलं आणि मी ते छाती फुगवून घेतलं. मधल्या सुट्टीत मी त्यांना क्लासमधली युक्ती शिकवली: भाषेच्या पेपरात उतारा आला की तो वाचत बसायचं नाही. आधी प्रश्न बघायचा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, मागची-पुढची ओळ बघून गोल काळा करायचा. पाच प्रश्न, तीन मिनिटं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजी उतारा वाचायचाच न्हाई?"

"वेळ कुठाय, बाई? दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न."

"सर, आपून वाचायला शिकवनारी मानसं. आन् आपलीच परीक्षा न वाचता द्यायची?"

त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या खेपेला प्रत्येक उतारा घरी वाचावा तसा निवांत वाचला. भाषेत जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले, पण गणिताचे आणि परिसर अभ्यासाचे कितीतरी गोल कोरे राहिले, आणि सात गुणांनी त्या नापास झाल्या. मला फार राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावरच आला. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी करून मी नको ते बोललो. म्हणालो, "तुमच्या तत्त्वापायी पोरांची बाई जाणार, एवढं ध्यानात घ्या." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई वही घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "शिकवा ती युक्ती."

आणि शिकल्या. घड्याळ लावून, एखाद्या पोरीसारख्या खाली मान घालून शिकल्या. उताऱ्यावरून नजर नुसती फिरवायची म्हणजे त्यांना किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. त्यांचं बोट सवयीने पहिल्या ओळीवर जायचं आणि त्या ते मागे घ्यायच्या.

दुसऱ्या खेपेला त्या सगळे गोल काळे करून आल्या. घरी न्यायला मिळालेल्या प्रश्नपत्रिकेवर मी उत्तरं ताडून पाहिली. एका उताऱ्यावरचे पाचही प्रश्न बरोबर, दुसऱ्यावरचेही पाच बरोबर. निकाल लागला आणि बाई चांगल्या पंधरा गुणांनी पास झाल्या. वाडीने शाळेत पेढे वाटले. मीच पास झाल्यासारखा मिरवत होतो.

सोमवारी परिपाठ झाल्यावर बाईंनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले आणि पिशवीतून ती प्रश्नपत्रिका काढली.

"पोरांनो, बाई पास झाल्या," त्या म्हणाल्या, "पर ह्यो उतारा न वाचताच बाईंनी मार्क घेतल्यात. त्यो वाचायचा ऱ्हायलाय. आज वाचू."

आणि पोरांसमोर, माझ्यासमोर, त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. डोंगरातल्या एका टपालवाल्याची हकीकत होती. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी राहते, तिला कधीच पत्र येत नाही, तरी तो रोज तिच्या दारापर्यंत चढून जातो, पाणी पितो आणि 'उद्या बघू' म्हणून उतरतो. बाई सावकाश वाचत होत्या. पोरं हलत नव्हती.

संपल्यावर एका पोराने विचारलं, "बाई, मंग म्हातारीला पत्र आलं का?"

"ठावं न्हाई, बाळा. हितं तेवढंच लिवलंय."

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. याच उताऱ्यावरची पाचही उत्तरं मी स्वतः तपासली होती. एक समानार्थी शब्द होता, एक विशेषण होतं, योग्य शीर्षक निवडायचं होतं. म्हातारी मात्र मला तेव्हा कुठेच भेटली नव्हती. बाईंपुढे मी किती लहान आहे, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. मग मी माझ्या परीक्षेतला उतारा कशावर होता, ते आठवायला लागलो. त्यावर मला पाचपैकी पाच मिळाले होते. खूप ताण दिला, पण आठवेना. अजूनही आठवत नाही.