चोच आणि कानस

शिक्रापुरात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा हा गडी मूळचा राहू गावचा. कारखान्यात ग्राइंडिंगला आहे. दिवसभर लोखंडाच्या कडा घासतो आणि घरी आला तरी त्याचा अंगठा कशाच्या ना कशाच्या कडेवर फिरत असतो. कपाच्या, खुर्चीच्या, बोलता बोलता माझ्या चष्म्याच्यासुद्धा. एका जागी बसलेला तो मला कधी दिसला नाही.

त्यानं कॉकाटील जातीचा पोपट पाळलाय. त्या पोपटाच्या चोचीचं टोक त्याला खुपायला लागलं. "मामा, लई वाढलीय. जरा कानस मारतो."

शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला दमच भरला. चोचीत आत रक्त असतं, हात लावू नका, पेरूची फांदी टांगा, पाखरू कुरतडून आपली आपण झिजवतं.

फांदी टांगली. पोपट साल सोलत बसला, पण याला धीर धरवेना. शेवटी कानसच माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी ठिवा. माझा मलाच भरवसा न्हाई."

तेव्हापासून भिंतीपलीकडून त्याच्या येरझारा ऐकू येतात. परवा दारात आला. "द्या की मामा, नुसतं टोक." मी नाही म्हणालो. तो हलेना. अंगठा माझ्या दाराच्या कडीवर फिरू लागला. "हितं बी धार हाय बगा."

मी कानस दिली आणि त्याचं कडी घासून होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

आता कडी टोचत नाही, आणि अडकतही नाही. दाराला खुर्ची लावावी लागते. पलीकडे पोपट निवांत फांदी कुरतडत असतो.