तळ्याकाठची तार

सदर इसम नामे सेवालाल आडे, वय अंदाजे पन्नास, राहणार किन्हीराजाजवळचा तांडा. पूर्वीचा धंदा ऊसतोड, हल्लीचा धंदा ‘लेक व्ह्यू’ बंगल्याची राखण. बांधा सडपातळ. ओळखीची खूण: काहीही सांगितलं तरी ‘हव’ म्हणतो.

बंगला नागपूरच्या ज्योत्स्ना मॅडमचा. जागा त्यांनी भर पावसाळ्यात घेतली, तेव्हा तळ्याचं पाणी पायरीला लागत होतं. उन्हाळ्यात ते मागं सरकतं, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. मे महिन्यात मॅडम आल्या, तर समोर नुसता गाळ आणि गाळात सेवालालच्या बायकोची, ललिताबाईची, टरबुजाची वाडी. दरसाल पाणी उतरलं की ती तिथं पेरायची. फळं तोडणीला आली होती.

“हे आमच्या समोर काय आहे?”

“टरबुजं हायेत, मॅडम. समोर तं पाणी होतं. ते गेलं.”

गाळ ना मॅडमचा, ना ललिताबाईचा, तो सरकारचा. पण सरकारकडं पाहुणे येणार नव्हते. मॅडमनी फर्मावलं, पाण्यापर्यंत काटेरी तार ओढायची, वाडीभोवतीच्या बाभळीच्या काट्या जाळून टाकायच्या, फोटोत वाईट दिसतात. पाहुणे येऊन जाईपर्यंत आत कुणी जायचं नाही. सेवालाल ‘हव’ म्हणाला. तार त्यानंच ओढली, काट्याही त्यानंच पेटवल्या. फाटकाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये गेली.

“वेल सुकून राह्यले,” ललिताबाई म्हणाली. “तुमी बंगला राखता का माही वाडी उजाडता?”

“मॅडमले जाऊ दे.”

“तवरोक काय टरबुजाचं वाळवण घालू?”

सेवालालनं पक्कड घेतली आणि बाई वाकून जाईल एवढी तार कोपऱ्यात तोडली. ललिताबाई आत गेली, वेलांना पाणी घालून आली.

उन्हाळ्यात तांड्याची जनावरं मोकळी असतात आणि पाण्याची त्यांची वाट तिथूनच होती. काट्या असत्या तर वाडीला वळसा घालून गेली असती. आधी वासरं त्या फटीतून शिरली, मागून गाई रेटल्या, खांब आडवा झाला.

“हा ठरवून केलेला हल्ला आहे!” मॅडम म्हणाल्या. मालेगावहून जमादार आले.

“तार कोणं तोडली बे?”

“म्या.”

जमादार हसले. “वा! राखणदार तू, अन् तोडणाराही तूच? कोणाले वाचवून राह्यला?”

“घाबरलाय बिचारा,” मॅडम म्हणाल्या. “गावकऱ्यांनी धमकावलं असणार.”

“हव,” सेवालाल म्हणाला. त्याला वाईट वाटलं की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पंचनाम्यात आलं ते असं: कृत्य अज्ञात इसमांचे. नुकसान: तार व एक खांब. इतर नुकसान: निरंक.

वाडीत एकही टरबूज उरलं नव्हतं.