नाताळचा पेपर आणि शीतलचा राजीनामा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीची यादीसुद्धा वाचून दाखवते.

अर्धी गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. दुबईतल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी ती ऐकवली आहे: पूर्वी इथल्या इंग्रजी पेपरात अमेरिकन बास्केटबॉलचे बॉक्स स्कोअर यायचे, आणि डिसेंबर उजाडला की मला त्यांची फार आठवण येते. बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याचा तक्ता. डावीकडे खेळाडूंची नावं, पुढे मुंगीएवढ्या अक्षरांत आकडे — किती मिनिटं खेळला, किती गुण, किती फाऊल. ना फोटो, ना वर्णन. मी पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये खेळायचे, त्यामुळे एका ओळीवरून मला अख्खा माणूस दिसायचा. पंधरा मिनिटं, दोन गुण, पाच फाऊल — म्हणजे बिचाऱ्याला कुणा धिप्पाडाच्या अंगावर सोडला असणार! माझा मुलगा म्हणतो, "आई, इट्स ऑल ऑनलाइन." आहे की. मी पाहिलंय. पण ते बघताना मला काहीच होत नाही. का होत नाही? मला याचं खरंच कुतूहल आहे.

उरलेली अर्धी गोष्ट अविनाशची आहे.

बर दुबई नावाच्या जुन्या भागात आमचं ऑफिस होतं. इमारतींच्या आतली सजावट करणारी कंपनी. मी ॲडमिन सांभाळायचे, अविनाश ड्रॉइंग काढायचा. नागपूरचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तोही शाळेपासून खेळलेला. दुबईशेजारच्या अजमानला चौघांत एक खोली करून राहायचा. तो साडेसातला यायचा, मीही मुद्दाम साडेसातलाच. पॅन्ट्रीत चहा, मध्ये पेपर, आणि वीस मिनिटं आम्ही दोघं त्या आकड्यांवर नाक टेकवून. नियम एकच — कागदावर येण्याआधी इंटरनेटवर बघायचं नाही. नाताळात तर हे फार जड जायचं. त्या दिवशी तिकडे सगळे मोठे सामने. तिकडची रात्र म्हणजे इथली दुसरी सकाळ, आणि आमच्या पेपरात यायला आणखी एक दिवस. सामना कधीचाच संपलेला असायचा आणि आम्ही मात्र कोण जिंकणार यावर भांडत असायचो. अविनाश कानांवर हात ठेवून फिरायचा. "ताई, सांगितलं तर पाप लागन बरं!" विचित्रच मजा होती ती. जे घडून गेलंय ते अजून घडायचंय, असं समजून जगायचं. माणसाला यात एवढं सुख का वाटावं?

२००८चा डिसेंबर. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या तीन क्रेन हलायच्या बंद झाल्या होत्या. एकेक काम रद्द झाल्याचे ईमेल येत होते आणि मी ते तारखेनुसार फाइल करत होते. नाताळच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना इंग्लंडचं विमान गाठायचं होतं. उभ्याउभ्याच त्यांनी नऊ नावं सांगितली, मी लिहून घेतली. आठवड्याने परत आल्यावर ते स्वतः नोकरी संपल्याची पत्रं देणार होते; तोवर कुणाला कळता कामा नये. सहावं नाव अविनाशचं होतं. माझा हात थांबला का? मी अनेकदा आठवून पाहिलंय. नाही थांबला. मी आकडा घातला, पुढे टिंब दिलं, नाव लिहिलं.

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि महिन्याभरात देश सोडावा लागतो. हे मला अविनाशपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. ते कागद मीच करायचे.

आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती. त्याची बायको शीतल नागपूरला अनुदानित शाळेत शिक्षिका होती. कायम झालेली. सहा वर्षं लांब राहून दोघं कंटाळली होती, मुलगी बापाला फोनवरच ओळखायची. अविनाशने अजमानमध्ये छोटं घर बघून ठेवलं होतं. शीतलने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो द्यायचा की नाही, एवढंच अविनाशच्या हो-नाहीवर अडलं होतं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी तो पॅन्ट्रीत आला तेव्हा मी पेपर उघडून बसले होते. नाताळचे सामने आले होते, पाऊण पान भरून. त्याने खुर्ची ओढली, पण पेपराकडे बघितलं नाही.

"ताई, एक विचारू? आपल्याकडे काही गडबड तर नाही ना? तुमच्याकडे सगळ्याच याद्या राह्यतात."

मी म्हटलं, "कसली गडबड?"

"नाही, शीतल उद्या राजीनामा देते. एकदा दिला का खलास, तशी नोकरी काही परत भेटत नाही. हो म्हणू का तिले?"

आता मी तिथपर्यंत आले आहे. पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मी म्हणाले, "अरे, देऊ दे की. किती दिवस लांब राहणार? बस, आधी हे बघ."

आणि पान त्याच्याकडे सरकवलं.

तो हसला. तिथूनच त्याने नागपूरला फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि मग आम्ही सगळे सामने वाचले. ओळ न् ओळ. तो खुशीत होता, बोलत होता, मला टोमणे मारत होता — माझी टीम हरली होती. मला मजा आली. हे लिहायलाच हवं. मला मजा आली.

मी का तसं म्हणाले? बरीच वर्षं स्वतःला सांगत होते की साहेबांना शब्द दिला होता. पण 'एक आठवडा थांब' एवढं म्हणायला कुठला शब्द मोडत होता? तीन शब्द. त्यांत कुणाचं नाव नाही, गुपित नाही. माझी नोकरी जाईल ही भीती? थोडी असेल. पण त्या क्षणी डोक्यात तीही नव्हती. माझं बोट पानावर होतं. 'थांब' म्हटलं असतं तर त्याचा चेहरा पडला असता, त्याने आणखी विचारलं असतं, आणि सकाळ गेली असती. नाताळच्या पेपरची आमची ती शेवटची सकाळ आहे हे दोघांपैकी मला एकटीला ठाऊक होतं, आणि मला ती हवी होती. एवढंच सापडतं. अजून खोल काही असेल म्हणून मी खणत राहते, पण खाली काही नाही.

साहेब परत आले. पत्रं वाटली गेली. अविनाश लिफाफा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "ताई, तुम्हाले माहीत होतं काय?" मी म्हटलं, "नाही रे." त्याने लगेच विश्वास ठेवला. वर मलाच म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार, जाऊ द्या." त्याच्या व्हिसाचे कागद मी दोन दिवसांत पूर्ण केले. एकही चूक नव्हती.

शीतलच्या जागी शाळेने दुसरी शिक्षिका घेतली होती. शीतल पुढे बिनअनुदानित शाळेत लागली, दरवर्षी नव्याने नेमणूक. पेपरने बॉक्स स्कोअर छापणं लवकरच बंद केलं. तोवर मी ते पान उघडायचं सोडून दिलं होतं. हे मात्र मी कुणाला सांगत नाही; सगळ्यांना वाटतं, पेपरने माझा आनंद हिरावला.

अविनाश दर डिसेंबरला फोन करतो. मागच्या वेळी शीतलने मध्येच फोन घेतला. आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. आवाज मोकळा, हसरा.

"ताई, तुमचं नाव आमच्याकडे फार निघतं," ती म्हणाली. "मी तर घाबरलीच होती तेव्हा. यांना म्हटलं, आधी ताईंना विचारा, त्या सांगतील तसं करते." मग विचारलं, "तुम्हाला तेव्हा काहीच कल्पना नव्हती ना?"

मी म्हटलं, "नाही गं."

"तेच मी यांना म्हणते," ती म्हणाली, आणि फोन अविनाशला दिला.

मला कल्पना होती.